मंडळीत दोन गट पडलेत, तर सहभागितेचा आग्रह धरायचा का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा, की पुण्यातल्या तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पास्टोरेट कमिटीच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीपासून दोन गट झालेत. सगळे उपासनेला येतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मग सहभागिता, म्हणजे एकमेकांत मिसळणं, सोडून उपासना करून मुकाट घरी गेलं तर काय बिघडलं?

माझ्या मते बरंच बिघडतं. बायबलच्या काळातल्या करिंथ शहरातल्या मंडळीत एकत्र जेवताना एक उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात स्पष्ट लिहिलं, की तुम्ही जमून जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच (1 करिंथ 11). भाकर एक आणि माणसं फुटलेली, हे त्याला चालणारच नव्हतं.

आता उपाय. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 पुन्हा वाचा. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. तेव्हा जे सात जण निवडले, त्यांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तिमोन... सगळीच्या सगळी ग्रीक! म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती वाटप गेलं. तुमच्याकडेही सणाच्या प्रीतिभोजनाचा हिशेब नाराज गटाकडे द्या, तोही मनापासून. आणि अर्पण मोजायला दोन्ही गटांतला एकेक माणूस बसवा. त्याच दिवशी, उपासनेनंतर लगेच, रजिस्टरवर दोघांच्या सह्या, आणि पुढच्या रविवारी आकडा फलकावर. निम्मी भांडणं पैशांच्या संशयावर पोसलेली असतात.

दुसरं म्हणजे घरप्रार्थना. 8-10 कुटुंबांचे गट भागानुसार पाडा: घोरपडी, येरवडा, पिंपरी असे. कोणाचं गाव नगरकडचं, कोणाचं जालन्याकडचं, यावरून पाडलेत तर तेच जुने कंपू घरोघर बसतील. यादी करून पाळीपाळीने प्रत्येक घरी जा. इथे एक गोष्ट हमखास नडते, ती म्हणजे नाश्ता. पहिल्या घरी वडे, दुसऱ्या घरी वडे आणि गोड, तिसऱ्या घरी बिर्याणी. मग एका खोलीत राहणारी बाई गुपचूप सांगते, 'आमच्याकडे नको, पाहुणे आलेत.' म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: चहा आणि बिस्किटं, बास. बसायला चटई पुरते. बायबल दर वेळी वेगळ्याने वाचावं, एकाच वडीलधाऱ्याने नाही.

उपासनेच्या पद्धतीवरून वाद असेल, गिटार की पेटी वगैरे, तर त्यात फार ताणू नका. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा पंथ एकत्र आले. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, कळत्या वयातच द्यावा म्हणणारेही होते. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या. तिथे गिटारीचं काय!

ज्या दोघांचं खरं भांडण आहे, त्यांचं मात्र समितीत काढू नका. बायबलमधल्या मत्तय 18 चा क्रम तसाच पाळा: आधी एकट्याने एकट्याकडे जायचं, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घ्यायचं, मगच मंडळीपुढे. आपण बहुतेकदा तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करतो, म्हणून माणूस चारचौघांत अडून बसतो. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यातली एखादी संध्याकाळ धरा, फोन करून त्यांच्या घरी जा, आणि व्हॉट्सअॅप गटावर त्याबद्दल एक अक्षरही टाकू नका.