वय वाढतं तसा मेंदू थकतो, मग माणूस उदासच होत जातो का?

नाही, बऱ्याच जणांच्या बाबतीत उलटंच घडतं. नावं पटकन आठवत नाहीत, एका वेळी दोन कामं झेपत नाहीत, हे खरं. पण मनाचा तोल उतारवयात अनेकदा सुधारतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचा सहभाग असलेल्या २००४च्या एका अभ्यासात तरुणांना आणि वृद्धांना स्कॅनरमध्ये सुखद आणि त्रासदायक चित्रं दाखवली. वृद्धांचा अमिग्डाला, म्हणजे भावनांची दखल घेणारा मेंदूचा भाग, त्रासदायक चित्रांपेक्षा सुखद चित्रांना जास्त प्रतिसाद देत होता. तरुणांत तसं दिसलं नाही. कार्स्टेन्सन यांच्या मते हातात वेळ थोडा आहे हे कळलं की माणूस नको त्या भानगडी सोडतो आणि जवळच्यांना धरून राहतो. (मला हे पटतं.)

म्हणूनच ‘वयच झालंय, असं होणारच’ म्हणून उदासी अंगावर काढू नका. वृद्धांचं नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही. अंगदुखीची तक्रार, मंदावलेली भूक, पहाटे तीनला येणारी जाग, विसराळूपणा अशा रूपातही ते येतं. उपचारांनी बहुतेकांना फरक पडतो. आणि हो, कानही तपासून घ्या. नीट ऐकू येत नसलं की माणूस गप्पांत नुसती मान हलवतो, मग हळूहळू तिथे बसायचंच टाळतो.