‘लुक’च्या पुढे ॲट, फॉर, आफ्टर, अप आलं की अर्थ कुठल्या कुठे जातो. याद्या पाठ होत नाहीत, मग हे लक्षात कसं ठेवायचं?

याद्या बाजूला ठेवा. यादीतून अर्थ कळतो, पण गडबड बहुतेक वेळा अर्थात नसतेच. तो छोटा शब्द वाक्यात कुठे बसतो, तिथे ती होते.

आधी आपलं ‘बघणे’ काय काय करतं ते पाहू. ‘मॅच बघतोय’, ‘फळ्याकडे बघ’, ‘ठाण्यात घर बघतोय’, ‘आजीकडे कोण बघतं?’, ‘जरा हा अर्ज बघून दे’. या पाच बघण्यांना इंग्रजीत पाच वेगळ्या सोयी आहेत: वॉच, लुक ॲट, लुक फॉर, लुक आफ्टर आणि लुक ओव्हर. ‘आजीकडे’मधल्या ‘कडे’ला ‘ॲट’ समजून ‘हू लुक्स ॲट ग्रँडमदर?’ असं विचारलं, तर आजीवर नजर कोण टाकतं एवढंच त्यातून कळतं. तिचं औषधपाणी कोण करतं हे विचारायला ‘आफ्टर’ लागतो. म्हणून मराठी विभक्तीवरून इंग्रजी शब्द निवडायला जाऊ नका. मराठी वाक्यातल्या ‘बघणे’चं काम काय, ते आधी ठरवा. नजर टाकणं, शोधणं, सांभाळणं की तपासणं?

‘लुक’ला थेट कर्म चालत नाही. नुसतं ‘लुक!’ चालेल, पण वस्तू आली की मध्ये ‘ॲट’ हवाच. ‘लुक धिस फोटो’ ही चूक ‘हा फोटो बघ’ या वाक्यातून येते, कारण तिथे आपल्याला प्रत्यय लागत नाही. प्रश्नात तर हा ‘ॲट’ हमखास गळतो. आपण ‘कशाकडे बघतोयस?’ म्हणतो, म्हणजे ‘कडे’ हा ‘कशा’ला चिकटून पुढे जातो. इंग्रजीत ‘व्हॉट’ एकटाच पुढे जातो आणि ‘ॲट’ क्रियापदापाशी मागे राहतो: ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ वाक्य ‘ॲट’वर संपलं की आपल्या कानाला ते अर्धवट वाटतं, म्हणून आपण तो खाऊन टाकतो. ‘धिस इज द जॉब आय वॉज लुकिंग फॉर’मध्येही तसंच. पाठ करायचंच असेल तर ‘लुकिंग-ॲट’, ‘लुकिंग-फॉर’ असे जोडशब्द समजून करा.

‘लुक फॉर’ आणि ‘फाइंड’ यांची गल्लत तर घरोघरी. किल्ल्या शोधताना ‘आय ॲम फाइंडिंग माय कीज’ म्हणू नका. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘फाइंड’ म्हणजे सापडणे. मराठीत हा फरक स्वच्छ आहे, पण शाळेत ‘फाइंड म्हणजे शोधणे’ असं डोक्यात बसलेलं असतं. ‘आय लुक्ड फॉर माय कीज फॉर ॲन अवर अँड फाउंड देम इन द फ्रिज’ या वाक्यात दोन ‘फॉर’ आहेत: पहिला ‘लुक’चा, दुसरा तासाचा. दुसरा बोलण्यात गळला तरी निभावतं, पहिला गळला तर वाक्य मोडतं.

‘लुक इनटू’ समजायला सोपा. आत डोकावणं, म्हणजेच लक्ष घालणं. ऑफिसच्या मेलमध्ये ‘वी आर लुकिंग इनटू इट’ आलं, तर चौकशी चालू आहे एवढंच समजा. काम होईल असं वचन त्यात नाही.

आता ‘लुक अप’. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं, कारण इथला ‘अप’ हा ‘ॲट’ किंवा ‘आफ्टर’च्या जातीचा नाही. तो क्रियापदाचाच तुकडा आहे आणि सुटा होऊन पलीकडे उडी मारू शकतो. शब्दकोशात शब्द पाहायचा असेल तर ‘लुक अप द वर्ड’ आणि ‘लुक द वर्ड अप’ दोन्ही बरोबर. पण ‘द वर्ड’च्या जागी ‘इट’ आला की एकच रचना उरते: ‘लुक इट अप’. ‘आफ्टर’चं नेमकं उलट. ‘लुक आफ्टर इट’ बरोबर, ‘लुक इट आफ्टर’ कधीच नाही. गंमत म्हणजे खरोखरच्या धुराड्यात खालून वर बघायचं असेल तर ‘लुक अप द चिमनी’ होतं, आणि तिथे ‘लुक अप इट’ चालतं, कारण त्या वाक्यात ‘अप’ ही साधी दिशा आहे.

तेव्हा नवीन जोडी भेटली की नामाच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ घालून बघा. ‘इट’ मध्ये घुसतो की शेवटी राहतो, यावरून जात कळते. शंका उरली तर ‘केअरफुली’ मध्ये घाला. ‘लुक केअरफुली ॲट द मॅप’ छान बसतं, ‘लुक केअरफुली अप द वर्ड’ बसत नाही. कानानेही ओळखता येतं: ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर आणि ‘ॲट’ जवळजवळ गिळलेला, तर ‘लुक इट अप’मध्ये जोर ‘अप’वर. आणखी एक बारकावा आहे. कर्म लांबलचक असेल तर ‘अप’ला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका. ‘लुक अप द मीनिंग ऑफ एव्हरी वर्ड ऑन धिस पेज’ असं म्हणा. ‘अप’ ‘पेज’नंतर टाकला तर तो येईपर्यंत ऐकणारा सुरुवात विसरलेला असतो.

‘लुक फॉरवर्ड टू’वर नोकरीच्या अर्जांत सर्वांत जास्त चुका होतात. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ चूक, ‘टू मीटिंग यू’ बरोबर. इथला ‘टू’ म्हणजे ‘टू गो’, ‘टू ईट’मधला ‘टू’ नव्हे. तपासायला क्रियापद काढून नाम ठेवा: ‘लुक फॉरवर्ड टू द वीकेंड’. नाम बसलं, म्हणजे क्रियापदालाही नामासारखं ‘इंग’ लावूनच बसवायचं. याचं भाषांतर लोक ‘वाट पाहणे’ असं करतात, पण बसची वाट पाहणं म्हणजे ‘वेट फॉर’. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये आनंद गृहीत आहे, त्यामुळे कुणाच्या ऑपरेशनबद्दल तो वापरू नये.

‘लुक अप टू’ म्हणजे एखाद्याला मानणे, ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. हे नजरेच्या उंचीवरून लक्षात राहतात, यावर वेळ घालवू नका. त्यापेक्षा ‘ओव्हर’ला जपा. ‘लुक ओव्हर माय रिपोर्ट’ म्हणजे अहवालावरून नजर फिरवा. ‘ओव्हरलुक माय रिपोर्ट’ म्हणजे त्याकडे दुर्लक्ष करा. साहेबांना मेल पाठवण्याआधी हे एकदा बघाच.

‘दिसणे’ या अर्थाच्या ‘लुक’ला विशेषणापुढे काहीच लागत नाही: ‘यू लुक टायर्ड’. नाम आलं तर ‘लाइक’: ‘ही लुक्स लाइक हिज फादर’. ‘हाऊ डज ही लुक लाइक?’ ही दोन प्रश्नांची खिचडी आहे. रूप विचारायचं तर ‘व्हॉट डज ही लुक लाइक?’ आणि आज तब्येतीने कसा दिसतोय असं विचारायचं तर ‘हाऊ डज ही लुक?’

या सगळ्यात आपणच कच्चे आहोत असं समजू नका. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडण्याची ही तऱ्हा परक्यांना सर्वांत अवघड जाते. आपणही परक्यांना सोडत नाही म्हणा. ‘बघून ठेव’, ‘बघत बस’ आणि ‘तुला बघून घेईन’ यांतला फरक मराठी शिकणाऱ्याला समजावून पाहा.

शब्दकोश वापरताना मात्र नुसता अर्थ वाचून पान उलटू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत नोंदीच्या मथळ्यातच ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ कुठे येतं ते छापलेलं असतं. ‘लुक आफ्टर समबडी’मध्ये तो शेवटी आहे, ‘लुक समथिंग अप’मध्ये मधोमध. काही कोश कर्माची जागा बदलता येते हे दोन्हीकडे टोक असलेल्या बाणाने दाखवतात. वहीत प्रत्येक जोडीखाली तीन वाक्यं लिहा: एक नामाचं, एक ‘इट’ किंवा ‘देम’चं, आणि एक ‘व्हॉट’ किंवा ‘हू’ने सुरू होणारा प्रश्न. ‘शी लुक्स आफ्टर टू किड्स. शी लुक्स आफ्टर देम. हू डज शी लुक आफ्टर?’ रोज दोनच जोड्या घ्या, पण ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणा. तिसऱ्यात शेवटचा ‘आफ्टर’ गळत असेल तर ती जोडी उद्या पुन्हा.