मिसरूड, मतपत्रिका आणि परवाना

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा असून गेल्या महिन्यात तो मित्रांबरोबर गोव्याला गेला होता. परत आल्यावर आमच्या घरी वाद झाला. त्याचे म्हणणे असे, की ‘आंबोली घाट उतरला की मी सज्ञान आणि घाट चढून परत आलो की अज्ञान, हा कुठला न्याय? मी मत देतो, गाडी चालवतो, उद्या लग्नही करू शकतो, मग दारूसाठीच पंचवीस वर्षे का?’ मला दारूचे समर्थन करायचे नाही, पण त्याला काय उत्तर द्यावे हे मात्र सुचले नाही. ही वये ठरवतात तरी कशी?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चिरंजीवांचा हिशेब बरोबर आहे. मादक पेये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीमध्ये आठव्या क्रमांकावर आहे, त्यामुळे प्रत्येक राज्य आपापली रेघ ओढते. गोव्यात ती १८ वर आहे, निपाणीच्या बाजूला कर्नाटकात २१ वर, केरळने २०१७ मध्ये ती २१ वरून २३ वर नेली, तर गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदीच असल्याने वयाचा प्रश्नच उरत नाही. कोल्हापुरातून गोव्याकडे किंवा निपाणीकडे गाडी हाकली, की माणसाचे कायदेशीर वय बदलते. महाराष्ट्रातही रेघ एकच नाही. बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५ वर्षे, आणि दोन्हीसाठी हातात परवाना हवा. आपला मूळ कायदा १९४९ चा, तोही दारूबंदीचा, म्हणजे त्याच्या दृष्टीने बंदी हा नियम आणि पिणे हा अपवाद. ‘परमिट रूम’ ही पाटी आपण रोज वाचतो, पण हे परमिट पिणाऱ्याचे असते हे कितीजणांच्या लक्षात असते? एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, आणि तो मागून घेणारे गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वय ठरवताना समाज माणसाच्या अंगी जाणतेपण किती आले ते मोजत असतो, असा आपला समज असतो. इतिहास पाहिला तर निराळेच दिसते. समाज आधी काम पाहतो, ते काम चुकले तर नुकसान कोणाचे होईल हे पाहतो, आणि मग त्या कामापुरते वय ठरवतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुलगी बाराव्या वर्षी आणि मुलगा सोळाव्या वर्षी ‘प्राप्तव्यवहार’ होतो असे म्हटले आहे. हा शब्द मला फार नेमका वाटतो. शहाणपण आले, असा त्याचा अर्थ नाही. देण्याघेण्याचे, करारमदाराचे व्यवहार करण्यास माणूस पात्र झाला, एवढाच आहे. रोमन कायद्यात मुलगा चौदाव्या वर्षी वयात आलेला धरत; पण वडील वारलेल्या कोवळ्या वारसांना बनेल लोक गंडवू लागले, तेव्हा इसवी सनापूर्वी सुमारे २०० च्या आसपास पंचविशीच्या आतील तरुणांना फसवणुकीपासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्याचा परिणाम असा झाला, की पंचविशीच्या आतील माणसाशी व्यवहार करायलाच लोक कचरू लागले. इंग्लंडमधील एकवीस वर्षांचे मूळ चिलखत पेलण्याच्या आणि घोड्यावरून लढण्याच्या ताकदीत आहे, असे सांगितले जाते. चिलखते वस्तुसंग्रहालयात गेली तरी २१ हा आकडा मात्र १९६९ च्या कायद्यापर्यंत टिकला, आणि १९७० पासून तेथे १८ आले. आपल्याकडे इंग्रज सरकारने १८७५ च्या सज्ञानत्वाच्या कायद्यात १८ वर्षेच ठरवली होती, म्हणजे या एका बाबतीत आपण लंडनच्या शंभरेक वर्षे पुढे होतो.

आपल्या गावातलेच उदाहरण घ्या. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. १७ मार्च १८८४ रोजी ते दत्तक आले तेव्हा नऊ वर्षांचे होते. १ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा विवाह झाला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि राज्यकारभाराचे अधिकार त्यांच्या हाती आले ते २ एप्रिल १८९४ रोजी, एकोणिसाव्या वर्षी. गादीवर बसायला नऊ, संसाराला सोळा, कारभाराला एकोणीस. यात विसंगती आहे असे त्या काळी कोणाला वाटले नाही, कारण गादीवर बसणे, नांदणे आणि राज्य चालवणे ही तीन निराळी कामे आहेत हे सर्वांना ठाऊक होते.

आजचा कायदाही तेच करतो, फक्त आपण त्याची सगळी पाने एकदम उघडून बघत नाही. ५० सीसीच्या आतील, गिअर नसलेल्या दुचाकीसाठी १६, इतर खासगी गाड्यांसाठी १८, मालवाहतुकीच्या किंवा प्रवासी वाहनासाठी २०. अग्निवीर म्हणून भरती साडेसतरा वर्षांपासून. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या लोकांना हे सांगायला नको. मतदानाचे वय पूर्वी २१ होते, ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून १८ झाले. ग्रामपंचायतीला उभे राहायला २१, विधानसभेला आणि लोकसभेला २५, राज्यसभेला ३०, राष्ट्रपतिपदासाठी ३५. अठरा वर्षांच्या मतदाराला आमदार निवडता येतो पण आमदार होता येत नाही, म्हणून कोणी रस्ता रोखल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा ‘मत देतो म्हणून दारूही हवी’ हा चिरंजीवांचा युक्तिवाद मला पटत नाही. एकाचे चुकलेले मत लाखो मतांत विरून जाते. पिऊन गाडी हाकणाऱ्याची चूक मात्र तेवढ्याच क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाते.

अमेरिकेत हा युक्तिवाद एकदा पूर्ण ताकदीने करून झाला आहे. व्हिएतनामच्या युद्धात अठरा वर्षांची मुले सक्तीने पाठवली जात असताना ‘लढायला चालतो तर मताला का नाही?’ हा सवाल उभा राहिला आणि जुलै १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ वर आले. त्या ओघात बऱ्याच राज्यांनी दारूचे वयही खाली आणले. पुढे रस्त्यावरचे अपघात वाढले, आणि शेजारच्या राज्यात वय कमी म्हणून तिकडे जाऊन पिऊन रात्री गाडीने परतणाऱ्या पोरांमुळे त्या सीमांनाच ‘रक्ताच्या सीमा’ असे नाव पडले. १९८० मध्ये अपघातात मुलगी गमावलेल्या एका आईने, कँडी लाइटनर यांनी, पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध मातांची संघटना उभी केली. १९८४ मध्ये केंद्राने कायदा केला खरा, पण वय ठरवणे हा राज्यांचा अधिकार असल्याने थेट हुकूम सोडला नाही. २१ च्या खाली वय ठेवणाऱ्या राज्याच्या महामार्गाच्या निधीतून ठरावीक टक्के कापले जातील, एवढेच म्हटले. साउथ डकोटा राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. पुढच्याच वर्षी सर्व राज्यांत २१ झाले. म्हणजे तिथे वय ठरले ते अपघातांच्या आकड्यांवरून आणि रस्त्याच्या पैशावरून. तरुण माणूस केव्हा जाणता होतो, हा प्रश्न त्या निर्णयाच्या जवळपासही नव्हता.

जपानने याच्या उलट बाजूने तीच गोष्ट केली. एप्रिल २०२२ मध्ये तेथे सज्ञान होण्याचे वय २० वरून १८ वर आले, परंतु दारू आणि तंबाखूचे वय २० वरच ठेवले. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर आणि वाईन चालते, कडक मद्याला १८ लागतात. स्वीडनमध्ये हॉटेलात बसून अठराव्या वर्षी पिता येते, मात्र बाटली घरी न्यायची तर सरकारी दुकानात २० वर्षे पूर्ण असावी लागतात. टेबलाशी चार माणसांच्या नजरेखाली पिणे आणि बाटली काखोटीला मारून निघून जाणे यांत फरक आहे, असे तो देश मानतो. मला हा विचार आपल्या परवान्यापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो.

मेंदूचे शास्त्र काय सांगते, असे चिरंजीव विचारतीलच. मोह आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, हे खरे आहे. पण ही वाढ हळूहळू होते, तिच्यात कुठेही अशी पायरी नसते जिच्यावर बोट ठेवून ‘हे पंचविसावे’ म्हणता येईल. तालमीत वस्ताद पोराचे वय विचारत नाही. लाल मातीत त्याचे पाय कसे पडतात, हरल्यावर तो कसा उठतो, हे बघतो आणि मग त्याला मोठ्या जोडीत सोडतो. एखादा सोळाव्या वर्षी तयार असतो, एखादा विशीतही कच्चा असतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाला दारात आलेल्या प्रत्येक पोराकडे वस्तादाच्या नजरेने बघणे शक्य नाही. त्याला आधार कार्डावरची जन्मतारीख बघावी लागते, आणि म्हणून आकडा लागतो.

राहिला प्रश्न आकडा कोणता असावा हा. माझे मत विचाराल तर महाराष्ट्राची २५ ची रेघ मला टिकाऊ वाटत नाही. ज्याचे लग्न होऊन मांडीवर पोर आहे अशा चोवीस वर्षांच्या माणसाला दुकानदार नाही म्हणत नाही, पोलिसही विचारत नाहीत, आणि या पळवाटेतून सतरा वर्षांचा पोरही आत शिरतो. सर्व मद्यासाठी २१ वर्षे ठेवून ती दाराशी खरोखर तपासली, तर अधिक साधेल. अठराच्या आतील मुलाला दारू देणाऱ्यास बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही चिरंजीवांना सांगून ठेवा. मित्रांच्या टोळक्यात एखादा धाकटा भाऊ असतोच.

प्रश्न : लग्नासाठी मुलीला १८ आणि मुलाला २१ असे का? मुली लवकर समजूतदार होतात, हे यामागचे कारण आहे का?
— एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : तसे कारण पुष्कळदा सांगितले जाते, खरे कारण इतकेच, की नवरा मोठा असावा ही रूढी कायद्याने जशीच्या तशी उचलली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहाचा प्रश्न लावून धरला, त्याच सुमारास अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला आणि त्यांचा खटला मुंबईत वर्षानुवर्षे गाजला. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तो शरीरसंबंधाला संमती देण्याचे मुलीचे वय दहावरून फक्त बारावर नेणारा, आणि तेवढ्यावरूनही टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे ठाकले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीला १४ आणि मुलाला १८ वर्षे ठरवली, १९७८ मध्ये ती १८ आणि २१ झाली. आकडे वाढत गेले, अंतर मात्र राहिले. २०१८ मध्ये विधी आयोगाने दोघांनाही १८ असावे असे सुचवले. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने उलट दोघांनाही २१ करणारे विधेयक लोकसभेत मांडले, ते २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बाद झाले. एकाच प्रश्नाला तीन वर्षांत दोन विरुद्ध उत्तरे येतात, यावरून त्यामागे शास्त्र किती असेल ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर पुतण्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून त्याच्या आईचे नाव आहे. तो पुढच्या महिन्यात अठरा वर्षांचा होईल. नोंद आपोआप निघेल का?
— एक शेतकरी, कागल

उत्तर : आपोआप निघणार नाही. ‘अज्ञान पालनकर्ता’ ही नोंद काढण्यासाठी वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो आणि फेरफार मंजूर व्हावा लागतो. पुतण्या सज्ञान मात्र त्या कागदाची वाट न पाहता होईल. कायद्याप्रमाणे जन्माचा दिवस पूर्ण धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडताच माणूस सज्ञान होतो. एक गोष्ट आवर्जून तपासा. तो अज्ञान असताना त्याच्या नावावर असलेल्या स्वतंत्र हिश्श्याची विक्री न्यायालयाच्या परवानगीशिवाय झाली असेल, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याला ती रद्द करून मागता येते. ही मुदत गेली की हक्क गेला.

प्रश्न : आमच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान व्हावे अशी महिलांची मागणी आहे. कॉलेजात जाणाऱ्या, नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या मुलींना त्यात मत देता येईल का?
— महिला बचत गटाच्या एक सदस्या, गडहिंग्लज तालुका

उत्तर : मतदार यादीत नाव असेल तर नक्की देता येईल. एक चतुर्थांश महिला मतदारांनी लेखी मागणी केली की प्रशासन सह्या पडताळून गुप्त मतदान घेते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. दुकान बंद व्हावे असे वाटणाऱ्यांनी आडवीवर शिक्का मारायचा. प्रत्यक्ष मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीत नोंदलेल्यांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, त्यामुळे घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. मुलींची नावे यादीत अजून आली नसतील, तर मागणीच्या सह्या गोळा करण्याआधी ती नोंदवून घ्या.