पॉवर मीटर घेण्याआधी एक चढ मोजून बघा

तुम्ही विचारलंय की वर्षभर रोड सायकल चालवताय, आठवड्यातून तीन-चारदा बाहेर पडता, आणि बरोबरचे सगळे आता वॉटच्या भाषेत बोलायला लागलेत. तर पॉवर मीटर घ्यावा की छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा पुरेसा आहे? शिवाय टूर दे फ्रान्ससारख्या शर्यती बघून हौशी माणसाला खरंच काही शिकता येतं का?

आधी सरळ उत्तर देतो. आत्ता पट्टा घ्या. पॉवर मीटर अजून वर्षभर थांबला तरी चालेल. शर्यती मात्र बघाच, आणि शेवटची दहा मिनिटं बघून बंद करू नका. मी गेली नऊ वर्षं सायकल चालवतोय, त्यातली सहा पॉवर मीटर लावून. त्या मीटरने मला खूप शिकवलं, म्हणूनच तो घाईने घेऊ नका असं सांगतोय.

पट्टा आणि मीटर दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पॉवर मीटर तुम्ही पेडलवर किती काम करताय ते सांगतो. क्रँक (पेडल ज्याला लावतात तो दांडा) किंवा पेडलच्या आत बसवलेले स्ट्रेन गेज धातूचं डोळ्याला न दिसणारं वाकणं टिपतात, त्यावरून जोर कळतो, आणि त्या जोराला फिरण्याच्या वेगाची जोड दिली की वॉट मिळतात. उलरिश शोबरर या जर्मन इंजिनिअरने 1986 च्या सुमारास सायकलवर बसणारा असा मीटर बनवला, तिथून हे सुरू झालं. पट्टा मोजतो ते त्या कामाची शरीराला पडलेली किंमत. 200 वॉट हे थंड सकाळीही 200 आणि रणरणत्या दुपारीही 200. पण त्याच 200 ला सकाळी हृदय मिनिटाला 140 ठोक्यांवर असेल, तर दुपारी दोन तासांनी 155 वर जाईल, कारण घामाने पाणी गेलेलं असतं आणि शरीर थंड ठेवायला त्वचेकडेही रक्त पोचवावं लागतं. अपुरी झोप, येऊ घातलेला ताप, आदल्या दिवशीचा थकवा, हे सगळं पट्ट्यावर दिसतं. मीटरला त्याचा पत्ता नसतो.

पट्ट्याची एक मोठी उणीव आहे, आणि ती मला एका चढाने दाखवली. दर रविवारी मी तो चढ चढायचो. साधारण 24 मिनिटं लागायची, आणि दर वेळी शेवटच्या तिसऱ्या भागात मांड्या भरून यायच्या. मला वाटायचं की आपला दमच कमी आहे. पॉवर मीटर लावून पहिल्यांदा गेलो तेव्हा पायथ्याच्या पुलापासून पहिल्या वळणापर्यंत, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, स्क्रीनवर 280-290 वॉट दिसत होते. तासभर टिकेल असा माझा जोर तेव्हा 215 च्या आसपास होता. गंमत म्हणजे त्या वेळी हृदयाचे ठोके फक्त 138 होते, श्वास शांत होता, पाय हलके वाटत होते. हृदय मागून येतं. जोर वाढवल्यावर ठोके त्या पातळीला पोचायला मिनिट-दोन मिनिटं घेतात, आणि तोवर चढाच्या सुरुवातीला जे उधळायचं ते उधळून झालेलं असतं. बाराव्या मिनिटाला माझे ठोके 171 आणि वॉट 180 होते.

पुढच्या रविवारी मी पुलावरच 210 धरले. फार अवघड गेलं. पाय अडवून धरल्यासारखं वाटत होतं, दोघं जण पुढे निघून गेले, पहिल्या वळणावर तर मी अगदी एकटा होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या मध्ये ते दोघेही मागे पडले. वर पोचलो तेव्हा आधीपेक्षा 50 सेकंद कमी लागले होते, आणि वर जाऊन मी बोलू शकत होतो.

मीटरने मला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती तुम्हाला मीटर न घेताही मिळू शकते. एखादा चांगला, सलग, सहा-सात टक्क्यांचा चढ निवडा. तो किती मीटर उंच आहे ते नकाशावरून काढा. तुमचं वजन, सायकल, बाटल्या, बूट, हेल्मेट, सगळं मिळून किलोमध्ये घ्या. उंची गुणिले वजन गुणिले 9.8, आणि त्याला लागलेल्या सेकंदांनी भागा. समजा एकूण वजन 80 किलो, उंची 300 मीटर, वेळ 20 मिनिटं. 80 × 300 × 9.8 = 2,35,200; त्याला 1,200 ने भागलं की 196. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तुम्ही इतके वॉट खर्च केले. टायरचं घर्षण, थोडी हवा आणि चेनमध्ये जाणारा वाटा धरला तर पेडलवर आणखी 25-30 वॉट होतात. चढ तीव्र असेल आणि वारा पडलेला असेल तर हा हिशेब आश्चर्य वाटावं इतका जवळ येतो. चढाचे तीन समान भाग करून प्रत्येक भागाची उंची आणि वेळ वेगवेगळी मांडा. पहिल्या भागात 240 आणि शेवटच्या भागात 170 आले, तर तुमचं दुखणं तुम्हाला सापडलं.

सपाटीवर मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे सगळा झगडा हवेशी असतो, आणि हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 वरून 33 वर जायचं म्हणजे वेग फक्त दहा टक्के वाढला, पण हवेसाठी लागणारे वॉट 33 टक्के वाढले. त्यामुळे आजचा सरासरी वेग कालच्यापेक्षा दोनने कमी का आला याचं दुःख करू नका. वारा बदलला असेल, ग्रुपमध्ये तुम्ही पुढे जास्त वेळ राहिला असाल. प्रगती मोजायला सरासरी वेग हे सगळ्यात फसवं माप आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेच मिरवतात.

पट्टा घेतलात तर छातीचाच घ्या. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने नाडी वाचतं, आणि सायकलवर हँडल घट्ट धरलेलं, रस्त्याचे हादरे बसत असताना ते बरेचदा चुकतं. पट्ट्याचे पॅड निघण्याआधी पाण्याने ओले करा. कोरडे राहिले तर घाम येईपर्यंतची पहिली दहा मिनिटं आकडे उगाच वर-खाली उडत राहतात. आणि जास्तीत जास्त ठोके काढायचं 220 वजा वय हे सूत्र सोडून द्या. माणसामाणसात इतका फरक असतो की त्यावरून झोन, म्हणजे सरावाच्या हलक्या-जड पातळ्या, ठरवले तर कुणाचा हलका दिवस जड होतो आणि कुणाचा जड दिवस हलका. एखाद्या चढावर जीव तोडून 20 मिनिटं चालवा आणि तेव्हाची सरासरी बघा. तुमच्यासाठी तीच खरी खूण.

पट्ट्याचा खरा उपयोग जोरात चालवायला नाही, हळू चालवायला आहे. हे मी अगदी कळकळीने लिहितोय, कारण आपल्यासारखे हौशी लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी वरच्या दर्जाच्या खेळाडूंचा सराव वर्षानुवर्षं अभ्यासला. दमश्वासाच्या खेळांतले हे लोक साधारण 80 टक्के सराव हलक्या पातळीवर करतात असं त्यांना दिसलं. आपण करतो ते उलटंच. प्रत्येक राइड मध्यम जड, ना धड विश्रांती, ना धड मेहनत. हलकं म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, मध्ये श्वासासाठी थांबावं लागू नये. गप्पा तुटायला लागल्या की ठोके बघा, तो आकडा लक्षात ठेवा, आणि हलक्या दिवशी त्याच्या पाच-सहा खाली राहा. लोक पुढे जातील, जाऊ द्या.

मीटरबद्दल अजून थोडं. तो घेतला की सांभाळावाही लागतो. निघण्याआधी शून्यावर आणायचा, तापमान बदललं की पुन्हा आणायचा. एकाच बाजूचा मीटर डाव्या पायाचं मोजून दुप्पट करतो, त्यामुळे दोन्ही पाय सारखे नसतील तर आकडा सरळ चुकतो. माझा पेडलमधला मीटर मी एकदा दुसऱ्या सायकलवर लावला. तिचे क्रँक 165 मिलिमीटरचे होते आणि सेटिंगमध्ये जुने 172.5 तसेच राहिले होते. दोन आठवडे आकडे साडेचार टक्क्यांनी फुगून येत होते. त्या भरवशावर मी सरावाच्या पातळ्या वाढवल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखायला लागला. मोजमाप चुकीचं असेल तर मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, हे तेव्हा अंगाशी आल्यावर कळलं.

म्हणून वर्षभर एक सवय लावा. चढावर स्क्रीन न बघता आधी अंदाज करा: आत्ता ठोके किती असतील? मग बघा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती वाटतात ते सांगायला 6 ते 20 ची मोजपट्टी बनवली होती. त्यातल्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाचे ठोके साधारण मिळावेत अशी तिची रचना होती. म्हणजे जाणीव आणि आकडा यांची सांगड घालता येते, हे जुनंच ज्ञान आहे. तुमचा अंदाज चार-पाच ठोक्यांच्या आत यायला लागला की पॉवर मीटर घ्यायला तुम्ही तयार झालात. तेव्हा तो तुम्हाला काहीतरी नवीन सांगेल.

आता शर्यतींकडे येतो. मला त्या मनापासून आवडतात, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या.

1989 ची टूर. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत, आणि अमेरिकेचा ग्रेग लेमाँ हा फ्रान्सच्या लोराँ फिन्योंपेक्षा एकूण वेळेत 50 सेकंदांनी मागे. इतक्या कमी अंतरात इतकी तूट भरून निघेल असं फार थोड्यांना वाटत होतं. लेमाँने हँडलला पुढे हात टेकवायचे बार लावले होते, शरीर हवेत लहान करून घेतलं होतं, आणि मागून येणाऱ्या संघाच्या गाडीला सांगून ठेवलं होतं की मला मधल्या वेळा सांगू नका. तो ताशी 54.5 किलोमीटरने गेला आणि टूर 8 सेकंदांनी जिंकला. टूरच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी फरक. पुढे हाच लेमाँ पॉवर मीटर वापरणाऱ्या अगदी पहिल्या व्यावसायिकांपैकी एक झाला. आकड्यांवर इतका विश्वास असलेल्या माणसाने त्या दिवशी मात्र फक्त अंगातून येणारी खबर ऐकली.

दुसरं उदाहरण टोकियो ऑलिम्पिकचं, 2021 मधल्या महिलांच्या रोड रेसचं. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर, गणितात डॉक्टरेट केलेली, तेव्हा कुठल्याही व्यावसायिक संघात नसलेली, आपला सराव स्वतःच आखणारी. शर्यतीच्या सुरुवातीलाच ती पुढे निसटली. अंतर 137 किलोमीटरचं. शेवटचे सुमारे 40 किलोमीटर ती एकटी होती. ऑलिम्पिकमध्ये संघाकडून खबर मिळायला कानात रेडिओ नसतो. मागे नेदरलँड्सच्या चार जबरदस्त बायका होत्या, पण पुढे अजून कुणीतरी आहे याचा हिशेबच चुकला. त्यांच्यातली आनेमीक फान फ्लूटेन कीझनहोफरनंतर 1 मिनिट 15 सेकंदांनी रेषेवर आली आणि सोनं मिळालं असं समजून तिने हात वर केले. सायकलवरचा कॉम्प्युटर तुमच्या पायांबद्दल सांगतो. पुढे किती जण आहेत हे तो सांगत नाही.

डोंगराळ टप्पा बघाल तेव्हा मधले दोन तास बघा. पुढे राहून वेग धरणारे मदतनीस स्वार कसे चालवतात ते बघा. खांदे हलत नाहीत, कोपर सैल, पाय एका लयीत. हात पाठीमागच्या खिशात दर किती मिनिटांनी जातो ते मोजा. आजचे व्यावसायिक तासाला 90 ते 120 ग्रॅम कार्बोहायड्रेट घेतात, त्यासाठी पोटालाही सराव देतात. आपण एवढ्याची नक्कल करू नये, पण भूक लागण्याआधी खायचं हे मी तिथेच शिकलो. उतारावर वळणात बाहेरचं पेडल खाली आणि नजर वळणाच्या पलीकडे, हेही तिथलंच. टायरही बघा: पूर्वी 23 मिलिमीटर असायचे, आता 28 आणि त्याहून रुंद, हवा कमी. ही नक्कल मात्र जरूर करा. खडबडीत रस्त्यावर त्याने जितका आराम मिळतो तितका कुठल्याही महागड्या चाकाने मिळत नाही.

उतारावर सीट सोडून सीट आणि हँडल यांच्या मधल्या दांड्यावर बसून जाणाऱ्यांचे जुने व्हिडिओ दिसतील. युसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, 2021 पासून शर्यतींत त्याला बंदी घातली आहे. ते करू नका.

पट्टा आला की पहिल्या महिन्यात जोरात चालवूच नका. गप्पांचा आकडा शोधा, एक चढ ठरवा, वरचा हिशेब मांडून वहीत तारखेसह लिहा. सहा आठवड्यांनी त्याच चढावर पुन्हा जा, आणि तिन्ही भागांचे वॉट इथे लिहा. मी बघेन.