आधी कपाट उकलणाऱ्याला विचार

सप्रेम आशीर्वाद.

पर्यावरणाला जपणाऱ्या कपाटाचा तुझा आराखडा वाचला. प्रमाणित लाकूड, पाण्यातलं पॉलिश, कागदी पॅकिंग, सगळं ठीक. पण वीस वर्षांनी हे कपाट कोण उकलणार आणि कशाने, ते त्यात कुठेच नाही.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि बहुतेकदा युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारा गोंद. कडेला हॉट-मेल्टने, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदाने, चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी, आत धातूचं फिटिंग. स्वच्छ चुरा पुन्हा बोर्डात जाऊ शकतो. पीव्हीसी आणि फोम मिसळला की माल भट्टीत नाहीतर कचराडेपोत. आणि हे एकट्या कारखान्याच्या हातात नाही. पट्टी एकाची, गोंद दुसऱ्याचा, फिटिंग तिसऱ्याचं. डिझाइन पक्कं होण्याआधी या तिघांना एकत्र बसव. त्याहीआधी जुनं फर्निचर तोडणाऱ्याकडे जा. त्याला बैठकीला कुणी बोलावत नाही, आणि नेमकं त्यालाच सगळं ठाऊक असतं. तुमचंच कपाट त्याच्यापुढे ठेव आणि घड्याळ लाव.

फर्निचर बनवणाऱ्या मायकेल थोनेटची 1859 सालची 14 क्रमांकाची खुर्ची बघ. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. सोय वाहतुकीची, पण मोडका पाय बदलणंही सोपं झालं. पर्यावरणाचं नावही न घेता! मला हे फार आवडतं.

भांडण पैशावरून होईल. जादा खर्च आज तुझा, फायदा पुढे दुसऱ्याचा. सदिच्छेने हे मिटत नाही. फ्रान्सने जुन्या फर्निचरची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, तेव्हा स्पर्धकांनी मिळून संस्था काढली. युरोपीय संघाच्या 2024 च्या इकोडिझाइन नियमावलीत डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टची, म्हणजे वस्तूत काय आहे याच्या डिजिटल नोंदीची, तरतूद आहे, आणि 2025 च्या कार्ययोजनेत फर्निचरला प्राधान्य आहे. तिथे माल विकायचा असेल तर गोंदात काय आहे ते पुरवठादाराकडून आत्ताच करारात लिहून घे.

मोठ्या युतींच्या सह्या-फोटोंच्या नादी लागू नकोस. बिजागरीच्या वाटीसाठी 35 मिलिमीटरचं भोक आणि 32 मिलिमीटर अंतरावरची छिद्रं, एवढ्या समान मापांमुळे एका कंपनीची बिजागरी दुसरीच्या कपाटाला बसते. तसंच दोन स्पर्धकांशी सुट्या भागांचं ठरव: कोणते भाग, किती वर्षं, कुणाच्या गोदामात. भाडं वाटून घ्या, आणि आकडा आधीच कागदावर येऊ दे.

कळावे.