जस्टिन जेफरसन आता लीगमधला नंबर एक वाइड रिसीव्हर राहिलेला नाही का?

तुम्ही विचारलंय की २०२४ च्या सीझनमध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या जामार चेसनं सगळं खिशात घातलं, त्याचं कॉन्ट्रॅक्टही मोठं झालं, मग मिनेसोटा व्हायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनला अजून एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधला, एक नंबरचा वाइड रिसीव्हर म्हणायचं का, आणि नाही तर तो नेमका कितवा.

उत्तर आधीच सांगून टाकतो, हे ऑगस्ट २०२५ चं मत आहे: माझ्या मते एक नंबर जेफरसनच. चेस दोन, आणि अंतर अगदी थोडं. मी मिनियापोलिसजवळ राहतो, आठ वर्षं झाली, व्हायकिंग्ज माझी टीम आहे त्यामुळे माझं माप थोडं झुकलेलं असणार हे धरूनच वाचा, पण मी हे नुसतं प्रेमापोटी म्हणत नाहीये.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की वाइड रिसीव्हर म्हणजे जो कडेला उभा राहतो, पळत सुटतो आणि क्वार्टरबॅकनं फेकलेला बॉल पकडतो. ऐकायला सोपं वाटतं, पण समोर कॉर्नरबॅक असतो, मागं सेफ्टी असतो, दोघंही तुम्हाला अडवायला, आणि तुम्ही कुठं वळणार हे त्यांना कळलं की संपलं. म्हणून जोरात पळणं एवढंच पुरत नाही, हूल देता आली पाहिजे. शाळेत खो-खो खेळलेल्यांना हे लगेच कळेल, एका खांद्यानं डावीकडं जातोय असं दाखवायचं आणि पाऊल उजवीकडं टाकायचं. जेफरसन हे ज्या पद्धतीनं करतो तसं आत्ता दुसरं कुणी करत नाही. तो सुरुवातीची सात-आठ पावलं प्रत्येक वेळी सारखीच टाकतो, आत वळायचं असो, बाहेर जायचं असो की सरळ खोल पळायचं असो, समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत काही कळत नाही. टीव्हीवर हे नीट दिसत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागं असतो, स्टेडियममध्ये वरच्या सीटवरून बघितलं की दिसतं. मी पहिल्यांदा यूएस बँक स्टेडियममध्ये गेलो तेव्हा बॉल सोडून फक्त १८ नंबरकडं, म्हणजे जेफरसनकडं, बघत बसलो होतो.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हा वाद होत नाही. २०२० ला आला तेव्हा पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड (पकडलेल्या पासवर टीम जेवढी पुढं सरकते ते अंतर), मग १,६१६, मग २०२२ ला १२८ कॅच आणि १,८०९ यार्ड, कॅच आणि यार्ड दोन्हीत लीगमध्ये पहिला आणि ऑफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. २०२३ ला हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला, दहाच मॅच खेळला, तरी १,०७४. २०२४ ला १,५३३. पाच वर्षांची बेरीज ७,४३२ यार्ड, पहिल्या पाच सीझनमध्ये एवढे यार्ड लीगच्या इतिहासात कुणाचेच नाहीत. मॅचमागं काढलं तर ७७ मॅचमध्ये सरासरी साडेशहाण्णव. चेसचे चार वर्षांत ६२ मॅचमध्ये ५,४२५, म्हणजे साडेसत्त्याऐंशी. चेसही जबरदस्तच, पण मॅचमागं नऊ यार्डांचा फरक आहे आणि तो चार-पाच वर्षांचा आहे, एखाद्या महिन्याचा नाही.

आमचा एक मित्र सिनसिनाटीला असतो, मूळचा साताऱ्याचा, बेंगल्सचा कट्टर फॅन. दर सोमवारी सकाळी त्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आलाच म्हणून समजा. त्याचं म्हणणं पूर्ण प्रामाणिकपणे मांडतो कारण त्यात दम आहे. २०२४ मध्ये चेसचे १२७ कॅच, १,७०८ यार्ड, १७ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडं नेणं), तिन्हीत लीगमध्ये पहिला, ट्रिपल क्राऊन. १९७० नंतर हे फक्त पाच जणांना जमलंय: जेरी राइस, स्टर्लिंग शार्प, स्टीव्ह स्मिथ, कूपर कप आणि आता चेस. त्याच वर्षी बाल्टिमोरविरुद्ध एका मॅचमध्ये ११ कॅच, २६४ यार्ड, ३ टचडाऊन, आणि तरी बेंगल्स ३५-३४ नं हरले, त्या रात्री मला त्या मित्राचं खरंच वाईट वाटलं. शिवाय चेस पहिल्याच वर्षी टीमबरोबर सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, गेला, आणि जेफरसननं अजून प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, एक मॅच जिंकलेली नाही. टचडाऊन बघा, चेसचे चार वर्षांत ४६, जेफरसनचे पाच वर्षांत ४०.

यातलं टचडाऊनचं म्हणणं मला सगळ्यात जास्त टोचतं कारण ते खरं आहे. पण का कमी आहेत तेही बघायला पाहिजे. व्हायकिंग्ज गोललाइनच्या, म्हणजे त्या शेवटच्या रेषेच्या, जवळ आले की समोरचे दोन-दोन माणसं जेफरसनवर लावतात आणि बॉल दुसऱ्याकडं जातो. २०२० मध्ये अॅडम थीलनचे १४ टचडाऊन झाले, पुढच्या वर्षी १०. जॉर्डन अॅडिसननं आल्यावर पहिल्या दोन वर्षांत १९ केले. ते दोघं चांगलेच खेळाडू आहेत, पण त्यांना जी मोकळी जागा मिळाली ती कुणामुळं मिळाली हे स्कोअरबोर्डवर लिहून येत नाही.

कॉन्ट्रॅक्टवरून मात्र नंबर ठरवू नका. जेफरसननं जून २०२४ मध्ये चार वर्षांचा १४ कोटी डॉलरचा करार केला, चेसनं मार्च २०२५ मध्ये चार वर्षांचा १६ कोटी १० लाखांचा. नऊ महिन्यांनी सही केली म्हणून भाव वाढला, इथं दरवर्षी असंच होतं, जो शेवटी सही करतो तो सगळ्यात महाग.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो या वादात नेहमी मागं पडतो. रिसीव्हर एकट्याच्या जिवावर काहीच करू शकत नाही. तो कितीही मोकळा सुटला तरी बॉल दुसऱ्यानं फेकायचा असतो, वेळेवर, बरोबर जागी. क्रिकेटमध्ये बॅट्समनला निदान बॉल तरी येतोच, इथं तोही येईल याची खात्री नाही. म्हणून दोन रिसीव्हरची तुलना करताना बॉल कोण फेकत होतं हे बघितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही क्वार्टरबॅकचे मार्क रिसीव्हरला देऊन मोकळे होता.

चेसला जो बरो मिळाला. दोघं कॉलेजपासून एकत्र, लुइझियाना स्टेटला. बरोनं २०२४ मध्ये ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाऊन फेकले, दोन्हीत लीगमध्ये पहिला. बेंगल्सचा डिफेन्स त्या वर्षी एवढे पॉइंट देत होता की त्यांना शेवटपर्यंत पास करत राहावंच लागायचं. चेसचं श्रेय यानं कमी होत नाही, पण जमीन सुपीक होती हे म्हणायला हवं.

जेफरसनचं बघा. पहिली तीन वर्षं कर्क कझिन्स, चांगला क्वार्टरबॅक. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीन बेमध्ये कझिन्सचा अॅकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला, तेव्हा जेफरसन स्वतः हॅमस्ट्रिंगमुळं बाहेर बसलेला. डिसेंबरमध्ये लास व्हेगसला परत आला त्या मॅचमध्ये छातीला मार लागून पुन्हा बाहेर, आणि ती मॅच आम्ही ३-० अशी जिंकलो, अमेरिकन फुटबॉलमध्ये एवढा कमी स्कोअर म्हणजे क्वार्टरबॅकची काय अवस्था होती ते समजून घ्या. त्यानंतरच्या चार मॅच बॉल बहुतेक वेळ निक मलन्सच्या हातात होता, म्हणजे बॅकअपचाही बॅकअप म्हणावा असा माणूस, आणि त्या चार मॅचमध्ये जेफरसननं ३० कॅच आणि ४७६ यार्ड काढले, शेवटच्या डेट्रॉइटच्या मॅचमध्ये तर १२ कॅच १९२ यार्ड. त्या शेवटच्या मॅचपर्यंत सीझन हातातून गेल्यात जमा होता, जखमेचं कारण सांगून घरी बसला असता तरी कुणी काही बोललं नसतं. मला त्याच्या २०२२ च्या १,८०९ पेक्षा या चार मॅच जास्त मोठ्या वाटतात.

मग २०२४ ला सॅम डार्नोल्ड आला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजमधून नवे खेळाडू निवडतात त्यात) तिसरा निवडलेला खेळाडू, पण जेट्स आणि पँथर्स या टीमकडं त्याचं काही जमलं नव्हतं, लोकांनी त्याला मोडीत काढलेलं. इथं आला आणि ४,३१९ यार्ड, ३५ टचडाऊन, टीम १४ जिंकली, ३ हरली. कोच केविन ओकॉनेलचं श्रेय मोठं आहेच. पण कुठल्याही क्वार्टरबॅकला, अडचणीत सापडलो की त्या बाजूला बॉल उंच फेकला तरी चालेल, हा भरवसा असणं काय असतं ते त्या वर्षी दिसलं.

हीच परीक्षा बाकीच्यांना लावून बघा. डॅलसच्या सीडी लॅम्बचे २०२३ मध्ये १३५ कॅच आणि १,७४९ यार्ड, त्या वर्षी तो कुणाहूनही कमी नव्हता, पण पुढच्या वर्षी डॅक प्रेस्कॉट जखमी झाला आणि लॅम्ब १,१९४ वर आला, अर्थात त्याचा स्वतःचा खांदाही दुखावलेला होता. तिसरा नंबर मी त्यालाच देईन. त्याच्या मागं डेट्रॉइटचा आमॉन-रा सेंट ब्राऊन, फिलाडेल्फियाचा ए. जे. ब्राऊन, रॅम्सचा पुका नाकुआ, यांच्यात तुम्ही कुठलाही क्रम लावा, मी भांडणार नाही.

जेफरसन कधीच अडत नाही असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॅरियस स्लेनं त्याला ४८ यार्डांत गुंडाळलं, ग्रीन बेच्या जायर अलेक्झांडरनं तर एका कॅचवर, १५ यार्ड फक्त. त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये जायंट्सविरुद्ध ४७. मोठ्या मॅचमध्ये त्याला बांधून ठेवता येतं, आणि हा डाग जिंकूनच धुतला जाईल, माझ्यासारख्यानं बाजू मांडून नाही.

अजून एक गोष्ट सांगतो, कारण या दोघांची गोष्ट सुरूच एका ठिकाणी होते. २०१९ च्या लुइझियाना स्टेटच्या टीममध्ये दोघं एकत्र होते, १५-० अशी न हरता चॅम्पियनशिप. चेसचे १,७८० यार्ड, जेफरसनचे १,५४०. तेव्हाही सगळे चेसलाच वरचा मानायचे, आणि जेफरसन बराचसा आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये खेळायचा म्हणून प्रोमध्ये कडेला खेळू शकेल का अशी शंका होती. ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार रिसीव्हर गेले. फिलाडेल्फियानं २१ वा नंबर असताना जेलन रेगरला घेतलं, आणि २२ व्या नंबरला जेफरसन आमच्याकडं आला. तो २२ वा नंबरसुद्धा स्टेफॉन डिग्जला बफेलोला देऊन मिळालेला. दोन वर्षांनी रेगर ट्रेड होऊन मिनेसोटातच आला, जेफरसनच्या मागं बसायला.

आणि डिग्जच्याच बफेलोमध्ये, १३ नोव्हेंबर २०२२ ला, ती मॅच झाली. आम्ही सहा-सात घरची मंडळी एकाकडं जमलो होतो, मिसळीचा बेत होता, आणि मध्यानंतर व्हायकिंग्ज १७ पॉइंटनी मागं पडल्यावर अर्धे लोक उठून गप्पा मारायला गेले. शेवटची दोनेक मिनिटं राहिलेली, २७-२३ मागं, चौथा डाऊन आणि १८ यार्ड हवेत, म्हणजे शेवटची संधी आणि ती जवळजवळ अशक्य. कझिन्सनं बॉल नुसता वर फेकला. बफेलोच्या माणसाचे दोन्ही हात बॉलवर होते, जेफरसननं मागं झुकत एका हातानं तो त्याच्या हातातून ओढून काढला आणि जमिनीवर पडतानाही सोडला नाही. ३२ यार्ड. खोलीत आधी कुणी ओरडलंच नाही, सगळे रिप्लेची वाट बघत उभे राहिले. पुढं गोललाइनवर आम्ही अडलो, मग बफेलोच्या हातून बॉल सुटला, ओव्हरटाइम झाला, ३३-३० जिंकलो, जेफरसनचे १९३ यार्ड. तो पास खरं तर पूर्ण व्हायलाच नको होता. चांगला पास पकडणारे लीगमध्ये तीस जण सापडतील, वाईट पास चांगला करून देणारा मला अजून तरी एकच दिसलाय.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे दोन तुकडे करतो. २०२४ या एका वर्षाचा नंबर एक कोण, तर चेस, यात वादच नाही, सिनसिनाटीच्या मित्रालाही मी हे लिहून दिलंय. पण उद्या मॅच आहे, क्वार्टरबॅक कोण असेल ते माहीत नाही, आणि रिसीव्हर आजच निवडायचाय, तर मी जेफरसन घेणार.

हे मी ऑगस्ट २०२५ मध्ये लिहितोय. डार्नोल्ड सिअॅटलला गेला होता, बॉल तेव्हा जे. जे. मॅकार्थीकडं होता, जो गुडघ्याच्या दुखापतीमुळं २०२४ च्या सीझनची एकही मॅच खेळला नव्हता. ८ सप्टेंबर २०२५ ला शिकागोत पहिली मॅच होती. नवखा क्वार्टरबॅक असताना जेफरसन हजाराच्या आसपास अडकला आणि तिकडं चेसनं पुन्हा सोळाशे-सतराशे केले, तर जानेवारी २०२६ मध्ये हे उत्तर एडिट करून क्रम बदलीन, असं तेव्हा ठरवलं होतं.