किंमत काउंटरवर ठरत नाही

प्रिय बाळ,

बी.फार्म. झाल्यावर कायदा शिकायचा आणि औषधांवरची पेटंटं रद्द व्हावीत म्हणून झटायचं, असं तू लिहिलंस. कायदा जरूर शीक. पण रद्दची मागणी करण्याआधी आपला पेटंट कायदा नीट वाच. त्यात पेशंटच्या कामाचं बरंच आहे आणि ते वापरलंच जात नाही.

मिरजेत माझ्या दुकानावर पार अथणी, जमखंडीहून पेशंटचे नातेवाईक येतात. कॅन्सरच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे करतात, किंमत ऐकतात आणि म्हणतात, "दहा दिवसांच्याच द्या." त्या वेळी माझ्या हातात काहीच नसतं.

सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधाचंच उदाहरण घे. बायर या जर्मन कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपये होता. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी कलम 84 खाली नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवायची परवानगी, दिला आणि तेच औषध महिन्याला 8,880 रुपयांत द्यायचं ठरलं. बायरला रॉयल्टीही ठरवून दिली, म्हणजे शोधाचा मोबदला बुडाला नाही. तरी त्यानंतर आपल्याकडे असा परवाना पुन्हा कुणाला मिळालेला नाही. सुधारणा हवी ती इथे. अशा अर्जाच्या निकालाला पक्की मुदत हवी. आणि असे परवाने खुले करण्याचे व पेटंट स्वतः वापरण्याचे कलम 92 व 100 ने सरकारला दिलेले अधिकार जीवनावश्यक औषधांसाठी सरकारने स्वतःहून वापरायला हवेत.

कलम 25 मात्र पाठच कर. पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं. नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघी क्षयरोगातून उठलेल्या. जुन्या इंजेक्शनांनी दोघींचे कान गेले. क्षयरोगाच्या ज्या बेडाक्विलिन या नव्या औषधामुळे ती इंजेक्शनं टळतात, त्याच्या क्षाररूपावर जॉन्सन अँड जॉन्सनने वेगळं पेटंट मागितलं होतं. या दोघींनी हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. नाहीतर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. जुन्याच रेणूचं नवं रूप दाखवून मुदत वाढवून घेणं रोखायला कलम 3 (डी) आहे. ग्लिवेक या रक्ताच्या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ते उचलून धरलं.

आणि 2024 च्या पेटंट नियमांनी काय केलं? या हरकतीला फी लावली, शिवाय ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक आधीच तपासणार. मला हे मान्य नाही. आजारी माणसाला त्या कार्यालयात शिरायला हीच एक वाट होती. तुला लढायचंच असेल तर ती पुन्हा मोकळी करण्यासाठी लढ.

पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. त्यात अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट देता येत नाही, तेवढी सवड आपल्याला नक्की असते. पुष्कळ वकिलांना केमिस्ट्री जमत नाही, तुला ती येते. एखाद्या औषधाचा अर्ज निवड, त्यातला पहिला दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते, साध्या मराठीत लिहून मला पाठव. रविवारी दुकान बंद झाल्यावर त्यावर बसू.

तुझा,
काका